कार्डावर साल नसतं : चित्रप्रदर्शनांची निमंत्रणं जमवायची कशी

जहांगीर आर्ट गॅलरीत कुठल्याही दालनात शिरा, दाराशी एक टेबल असतं. त्यावर अभिप्रायाची वही, वहीला दोऱ्याने बांधलेलं पेन, पहिला दिवस असेल तर पेढ्यांचा बॉक्स आणि कडेला कार्डांची चळत. लोक वहीत 'अप्रतिम! पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं लिहितात, एक कार्ड उचलतात आणि बाहेर वडापाव खाऊन झाला की त्याच कार्डाला बोटं पुसतात. मीही पुसली आहेत, खोटं कशाला बोलू.

माझी नोकरी फोर्टात, एका बँकेत. जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटं डब्याला आणि वीस मिनिटं जहांगीरला. कार्डं खिशातून ड्रॉवरमध्ये जायची. पुढे बँकेतला विभाग बदलला तेव्हा ड्रॉवर रिकामा केला, तर पन्नासेक निघाली. त्यातलं एक हातात घेतलं. राखाडी डोंगर आणि खाली उजवीकडे एक लाल ठिपका. ते चित्र मला भिंतीसकट आठवत होतं. पण पाहिलं कधी? आईच्या आजारपणाआधी की नंतर? कार्डावर वार होता, तारीख होती, उद्घाटनाची वेळ होती. साल नव्हतं.

तेव्हापासून ही कार्डं जमवतो आहे. आज तीन हजारांच्या आसपास असतील. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे करता येण्यासारख्या सगळ्या चुका करून झाल्या. तुम्ही आता सुरुवात करत असाल तर त्यातल्या निम्म्या तरी टळाव्यात म्हणून हे लिहितोय.

हे जमवावं कशाला, हा प्रश्न घरून येणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. जहांगीरमधली बरीचशी प्रदर्शनं चित्रकार स्वतः हॉल भाड्याने घेऊन भरवतात. अर्ज करायचा, वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची, मग सात दिवस मिळतात. मंगळवारी लागलं, सोमवारी उतरलं. कॅटलॉग छापायची ऐपत प्रत्येकाची नसते, पण कार्ड छापावंच लागतं. अकोल्याच्या किंवा मिरजेच्या एखाद्या चित्रकला शिक्षकाने आयुष्यात एकदा मुंबईत प्रदर्शन केलं, चार चित्रं विकली, ती कुणाकुणाच्या दिवाणखान्यात गेली. त्याच्यावर पुस्तक निघालं नाही, लेख आला नाही. त्याच्या चित्राचं छापलेलं एकुलतं एक रूप म्हणजे ते पोस्टकार्डाएवढं कार्ड. चित्रकार बरा होता की सामान्य, हा निराळा प्रश्न. कार्डच उरलं नाही, तर तो प्रश्न विचारायलाही कुणी उरत नाही.

१. आधी कुंपण घाला

'दिसेल ते घ्यायचं' असं ठरवलंत तर दोन वर्षांत घर भरेल आणि हौस संपेल. एक मर्यादा आखून घ्या. एकच गॅलरी, एकच शहर, एकच दशक, एकच चित्रकार, काहीही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ फक्त हाताने काढलेली देवनागरी अक्षरं असलेलीच कार्डं घेतात. चित्र कसलंही असो, अक्षर छापखान्यातल्या तयार खिळ्यांचं, म्हणजे शिशाच्या ठशांचं असेल तर ते कार्डाकडे बघत नाहीत. चारशेच कार्डं आहेत त्यांच्याकडे, पण माझ्या तीन हजारांवर भारी. मी काळा घोडा परिसर धरला : जहांगीर, शेजारची म्युझियम गॅलरी, रॅम्पार्ट रोवरचं आर्टिस्ट्स सेंटर आणि आसपासच्या खासगी गॅलऱ्या.

परदेशातली नामांकित निमंत्रणं बघून भुलू नका, पण त्यांची माहिती जरूर असू द्या, कारण कार्ड हे चित्रापेक्षाही डोकेबाज असू शकतं हे त्यातून कळतं. पॅरिसच्या इरिस क्लेर गॅलरीत १९५८ साली इव्ह क्लाइनने रिकामी पांढरी खोली हेच प्रदर्शन म्हणून मांडलं, आणि निमंत्रणावर सरकारी तिकिटाच्या जागी स्वतःच्या निळ्या रंगाचं तिकीट चिकटवलं. दोन वर्षांनी त्याच गॅलरीत आरमानने खोली कचऱ्याने गच्च भरली आणि निमंत्रण सार्डिन माशाच्या डब्यात घालून पाठवलं. १९६९ च्या डिसेंबरात अॅमस्टरडॅमच्या 'आर्ट अँड प्रोजेक्ट' गॅलरीत रॉबर्ट बॅरीने तर कडीच केली. प्रदर्शनाच्या काळात गॅलरी बंद राहील, एवढंच निमंत्रणात छापलं होतं. म्हणजे ते छापील वाक्य हेच प्रदर्शन. आपल्याकडे असलं काही मला अजून मिळालेलं नाही. आपल्याकडे 'दीपप्रज्वलन' असतं.

२. सामान

फार काही लागत नाही, पण जे लागतं ते नेमकंच लागतं.

– मऊ शिशाची पेन्सिल, टूबी. बॉलपेन नको, जेल पेन तर मुळीच नको.
– दहापट मोठं दाखवणारं भिंग.
– पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पिशव्या. शर्ट पॅक करायला वापरतात त्या बीओपीपीच्या चालतात आणि स्वस्त पडतात. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवर शेकड्याने मिळतात.
– बुटाच्या खोक्यापेक्षा जरा रुंद असे पुठ्ठ्याचे डबे आणि ते ठेवायला लोखंडी कपाट.
– ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या.
– पट्टी, जिच्यावर मिलिमीटर नीट दिसतात अशी.
– फ्लॅटबेड स्कॅनर. तो नसेल तर फोन चालेल, पण खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून.

त्या शर्टाच्या पिशव्यांच्या तोंडाला गोंदाची पट्टी असते. कार्ड आत सरकवताना ती हमखास चिकटते आणि काढताना रंगाचा पापुद्रा घेऊन येते. म्हणून आणल्या आणल्या ती पट्टी कात्रीने कापून टाका. आणि पिशवीला नव्या रेनकोटसारखा वास आला तर ती पीव्हीसीची आहे, दुकानदाराला परत करा.

३. कार्डं मिळतात कुठे

ताजी कार्डं मिळवणं सोपं. मंगळवारी संध्याकाळी उद्घाटनाला जा किंवा सोमवारी शेवटच्या तासाला. मला सोमवार आवडतो. भिंतीवरून चित्रं उतरत असतात, बबल रॅपचा चरचर आवाज चाललेला असतो, चित्रकार दमलेला आणि जरासा उदास असतो. त्याला सात दिवसांत 'रेट काय?' याखेरीज फारसं कुणी काही विचारलेलं नसतं. एखाद्या चित्राबद्दल दोन मिनिटं खरंच बोला, मग म्हणा, "सर, कार्डं उरली असतील तर दोन घेऊ का?" उत्तर ठरलेलं असतं : "अहो, दहा घ्या. गावी परत वाहून कोण नेणार?" दहा घेऊ नका. दोन घ्या. एक संग्रहाला, एक राखीव. ही दुसरी प्रत का, ते शेवटी सांगतो.

पाकीट मागायला विसरू नका. टपालाने आलेलं पाकीट कुणी फेकत असेल तर ते कार्डापेक्षाही मोलाचं, कारण त्यावर शिक्का असतो. जुन्या पाकिटांवर 'बुक पोस्ट' छापलेलं दिसेल आणि झाकण नुसतं आत खोचलेलं. चिकटवलं तर पत्राचा पूर्ण दर पडायचा, म्हणून. तिकिटं जमवणारा एखादा भाचा-पुतण्या घरात असेल तर पाकिटं त्याच्यापासून लांब ठेवा. कात्री घेऊन चौकोन कापतात आणि निम्मी तारीख त्या चौकोनाबरोबर जाते.

जुन्या कार्डांसाठी पाय झिजवावे लागतात. रद्दीवाले, फ्रेम करणाऱ्यांची दुकानं, जुन्या छापखान्यांतल्या नमुन्यांच्या फायली, कलासमीक्षकांच्या घरचा पसारा. जुनी कलाविषयक पुस्तकं घेताना आधी झटकून बघा. लोक कार्डं खूण म्हणून घालतात. पुण्यात बालगंधर्वचं कलादालन, कोल्हापुरात शाहू स्मारक, पणजीत कला अकादमी आणि आल्तिनोवरचं सुनापरांत, इथल्या कार्डांचा कुणी नीट पाठपुरावा केलेला माझ्या पाहण्यात नाही. तिकडे राहणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

चोरबाजारात जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा : नाव मोठं असलं की भाव चढतो आणि भाव चढला की नक्कल होते. भिंग लावा. खिळे जुळवून ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छापयंत्रावर छापलेल्या अक्षराच्या कडेला शाई जराशी जास्त साचलेली दिसते आणि कागदाच्या पाठीवरून बोट फिरवलं तर दाब जाणवतो. ऑफसेटच्या चित्रात रंगाचे ठिपके ओळीत, फुलासारखे मांडलेले असतात. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या नकलेत ते विस्कटलेल्या तुषारांसारखे दिसतात. आणि कुणी 'जहांगीरचं १९४९ चं कार्ड' म्हणून दाखवू लागला तर हसून पुढे चला. ती इमारतच १९५२ साली उघडली.

४. साल शोधा

खरं काम हे. चित्रकार कार्ड छापतो ते पुढच्या आठवड्यासाठी. कुठलं वर्ष चालू आहे हे सगळ्यांनाच माहीत असतं, मग ते छापायचं कशाला? त्यामुळे माझ्याकडच्या कितीतरी जुन्या कार्डांवर साल नाही.

कार्डावरच्या खुणा दोन जातींच्या असतात, एवढं पक्कं करा. काही खुणा 'याच्या आधीचं असू शकत नाही' असं सांगतात आणि काही 'याच्या नंतरचं असायची शक्यता कमी' असं. पहिल्या जातीवर भरवसा ठेवा, दुसरीवर नुसता कान ठेवा.

पिनकोड : १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ४०० ००१ दिसलं की कार्ड त्यानंतरचं. उलट नुसतं 'मुंबई १' असेल तर ते आधीचंच असेल असं नाही, कारण जुनी सवय लोकांनी पुढे बरीच वर्षं सोडली नाही.

शहराचं नाव : इंग्रजीत 'बॉम्बे'चं अधिकृत 'मुंबई' झालं १९९५ मध्ये. इंग्रजी कार्डावर 'मुंबई' असेल तर साधारण त्यानंतरचं धरा. मराठी मजकुरात या खुणेचा काडीचा उपयोग नाही, आपण कायमच मुंबई लिहीत आलो.

फोन : सहा आकडी जुना, मग सात आकडी, आणि २००२ पासून सुरुवातीला २ लागून आठ आकडी. सहाचे सात एकदम झाले नाहीत, एक्स्चेंजागणिक होत गेले. म्हणून त्या दोन टप्प्यांमध्ये छातीठोकपणे काही सांगू नका. ९८२० किंवा ९८२१ ने सुरू होणारा मोबाइल असेल तर १९९५ किंवा पुढचं. व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीचा ई-मेल पत्ता असेल तरी तेच, त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं.

पत्ता : इथे नवखे हमखास फसतात. गॅलरी केमोल्ड १९६३ पासून जहांगीरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर होती. केकू आणि खोर्शेद गांधी यांची ती गॅलरी, आणि नावातलं 'केमोल्ड' आलं त्यांच्या फ्रेमच्या धंद्यावरून, केमिकल मोल्डिंग्जवरून. म्हणजे पत्ता जहांगीरचा, पण संस्था पूर्ण वेगळी, निवडही वेगळी. २००७ मध्ये ती प्रेस्कॉट रोडला गेली. तेव्हा केमोल्डचं नाव आणि जहांगीरचा पत्ता एकत्र दिसला तर १९६३ ते २००७ हा पट्टा मिळतो. नोंद करताना हे कार्ड जहांगीरच्या डब्यात टाकू नका. मी पहिली पाच वर्षं टाकली आणि मग एक अख्खी दिवाळीची सुट्टी निवडण्यात गेली.

मंत्री : सरकारी कार्डांचा हा मोठा फायदा. राज्य कला प्रदर्शनाचं कार्ड म्हणजे मानपानाची यादीच. चित्रकारांची नावं सापडोत न सापडोत, मंत्र्यांची क्रमवार छापलेली असतात. 'मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले' दिसलं की जून १९८० ते जानेवारी १९८२, काम झालं. 'मुख्यमंत्री शरद पवार' असेल तर मात्र कपाळाला हात लावा. १९७८ ते ८०, १९८८ ते ९१ आणि १९९३ ते ९५, असे तीन कप्पे तपासावे लागतात. अशा वेळी खालच्या ओळीतल्या सांस्कृतिक कार्य राज्यमंत्र्यांना शरण जायचं.

आणि सगळ्यांत खात्रीची खूण म्हणजे वार. एखादी तारीख ठरावीक वारी काही वर्षांनीच येते. माझ्या त्या लाल ठिपक्याच्या कार्डावर इंग्रजीत 'मंगळवार १४ ते सोमवार २० जानेवारी' असं होतं. १४ जानेवारीला मंगळवार आला ती वर्षं : १९५८, १९६४, १९६९, १९७५, १९८६, १९९२, १९९७, २००३, २०१४, २०२०, २०२५. मधली अंतरं कधी पाच, कधी सहा, कधी अकरा वर्षांची. लीप वर्षामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांचं गणित इतर महिन्यांपेक्षा वेगळं पडतं, म्हणून तोंडी हिशेब करू नका. फोनच्या कॅलेंडरात मागे जा, किंवा घरात जुनी कालनिर्णयं असतील तर त्यांचा हाच उपयोग. ती १९७३ पासूनची मिळू शकतात.

आता चाळणी लावली. पिनकोड होता, म्हणून १९५८, १९६४ आणि १९६९ गळाले. 'बॉम्बे' होतं आणि ड्रॉवर मी १९९३ मध्ये उपसला, म्हणून १९९७ पासून पुढची गळाली. बँकेत लागलो १९८३ ला, म्हणून १९७५ गेलं. उरली दोन, १९८६ आणि १९९२. फोन सहा आकडी, म्हणजे कल १९८६ कडे, पण खात्री नाही. शेवटी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली मागितल्या. कार्यक्रमांच्या सदरात एका ओळीत प्रदर्शनाची माहिती असायची, आणि मंगळवारच्याच अंकात ती ओळ सापडली. १९८६. आई आजारी पडली १९८८ ला. म्हणजे त्या संध्याकाळी घरी जाऊन मी तिला त्या लाल ठिपक्याबद्दल सांगितलं असणार. मी सगळंच सांगायचो.

ही कसरत टाळायची असेल तर कार्ड हातात पडताच पाठीमागे, खालच्या डाव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने साल लिहा. हलक्या हाताने. कार्ड एखाद्या कडक पाटीवर ठेवून लिहा, नाहीतर दाब पुढच्या चित्रावर उमटतो.

५. कार्डावर आंधळा विश्वास ठेवू नका

कार्ड सांगतं ते ठरलेलं, झालेलं नव्हे. माझ्याकडे मार्च आणि एप्रिल २०२० च्या तारखांची काही कार्डं आहेत. सुबक छापलेली, सगळं यथासांग. ती प्रदर्शनं लागलीच नाहीत, टाळेबंदी आली. पन्नास वर्षांनी कुणी ती कार्डं पाहून 'अमुक यांचं २०२० मध्ये एकल प्रदर्शन झालं' असं लिहील. तेव्हा प्रदर्शन स्वतः पाहिलं असेल तर नोंदीत तसं लिहा. नसेल पाहिलं, तर नुसतं 'कार्डावरून' असं.

उद्घाटकाचंही तसंच. नाव छापलेलं असतं, पाहुणे येतातच असं नाही. आणि कार्डावरचं चित्र प्रदर्शनात होतंच असंही नाही. कार्ड आधी छापलं जातं, चित्रं शेवटच्या रात्रीपर्यंत चालू असतात. अमूर्त चित्र उलटं छापलेलं कार्डही माझ्याकडे आहे. चित्रकाराने प्रत्येक प्रतीवर पेनने बाण काढून दिला होता. ते माझं सगळ्यांत लाडकं.

६. सांभाळायचं कसं

पहिली चूक : लॅमिनेशन. सुरुवातीला कौतुकाने मी चाळीस कार्डं दुकानात देऊन प्लॅस्टिकमध्ये कोंडून घेतली. उष्णतेने शाई चमकली, दोन वर्षांत कडांनी हवा शिरली, पिवळे फुगे आले. ते आता कधीही सुटणार नाही. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, लग्नाच्या फोटोंचे चिकट पानांचे अल्बम नकोत. स्टेपलरची पिन गंजते, रबरबँड वितळून चिकटतो. लाकडी कपाट दिसायला छान, पण त्यातून कागदाला पिवळं पाडणारी आम्लं सुटतात. आपलं लोखंडी बरं.

दुसरं प्रकरण पावसाचं. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला आणि आमच्या डोंबिवलीत तळमजल्याच्या घरात गुडघाभर पाणी आलं. कपाटाचे खालचे दोन कप्पे बुडाले. मी तिसऱ्या दिवशी घरात शिरलो, डबे उचलून घराच्या गॅलरीत उन्हात ठेवले आणि वाटलं, वाळतील. जुनी, खिळ्यांची, साध्या जाड कागदावरची कार्डं खरोखरच वाळली, जरा वाकडी झाली इतकंच. पण गुळगुळीत आर्ट कार्डांची अक्षरशः वीट झाली. त्या चकाकीत चिनी मातीचा थर असतो. तो भिजला की चिकट होतो आणि वाळताना शेजारच्या कार्डाला धरून बसतो. पावणेदोनशे कार्डं त्या विटेत गेली. नंतर एका ग्रंथपालबाईंनी सांगितलं की ओली असतानाच एकेक सोडवून, टीपकागदावर सुटी पसरून, पंख्याखाली वाळवायची असतात. उन्हात नाही, आणि चळत करून तर कधीच नाही. हे तुम्ही आधीच वाचून ठेवा.

पुराचं सोडा, नुसत्या पावसाळी हवेतही आर्ट कार्डं एकमेकांना चिकटतात. म्हणून एका पिशवीत एकच कार्ड. डबे जमिनीपासून निदान दीड फूट वर. जूनच्या आधी सिलिका जेल बदला. नोव्हेंबरात कोरडा दिवस बघून सगळं बाहेर काढा, हवा द्या, कसर लागली आहे का बघा. डांबरगोळ्या कपाटात ठेवल्या तरी डब्यात नकोत. तो वास कार्डाला लागला की जात नाही आणि पाहुणे कार्ड नाकापासून लांब धरतात.

७. नोंद ठेवा

वही चालेल, एक्सेल जास्त बरं. रकाने असे : क्रमांक, चित्रकार, प्रदर्शनाचं नाव, जागा, तारखा जशा छापल्या तशा, साल, साल कशावरून काढलं, लांबी-रुंदी, छपाईचा प्रकार, छापखान्याचं नाव, पाकीट आहे की नाही, कुठून मिळालं. यातला 'साल कशावरून' हा रकाना लोक गाळतात. गाळू नका. दहा वर्षांनी तुमचंच अक्षर तुम्हाला 'हे कशावरून?' म्हणून विचारेल.

छापखान्याचं नाव बारीक टायपात मागे, तळाला असतं. त्याकडे लक्ष द्या. दोन अनोळखी चित्रकारांची कार्डं एकाच छोट्या छापखान्यातली निघाली की बरेचदा ते एकाच गावचे किंवा एकाच वर्गातले निघतात.

स्कॅन ६०० डीपीआयला, दोन्ही बाजूंचा, कोरी बाजू असली तरी. रंग 'सुधारू' नका. फाइलचं नाव सालापासून सुरू करा. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने असे संग्रह कसे मांडले आहेत ते एकदा ऑनलाइन जरूर बघा. कलासमीक्षक गीता कपूर आणि चित्रकार विवान सुंदरम यांनी जपलेले कागदही तिथे पाहायला मिळतात. मला माझे रकाने तिथे बघून दोनदा बदलावे लागले.

८. व्हॉट्सअॅपवरची निमंत्रणं

आता कित्येक जण कार्ड छापतच नाहीत, एक चित्र फॉरवर्ड करतात. नाक मुरडू नका, तीही जमवा. फक्त फॉरवर्ड होत होत आलेलं चित्र पार चेपलेलं असतं. चित्रकाराला सरळ मेसेज करा आणि छपाईची पीडीएफ मागा. देतात. सेव्ह करताना नावात साल घाला, कारण फोनमध्ये दिसते ती तारीख तुमच्याकडे आल्याची असते, प्रदर्शनाची नव्हे.

९. दाखवा, पण विचारून

कार्ड तुमचं असलं तरी त्यावरच्या चित्राचा हक्क चित्रकाराचा, आणि आपल्या कायद्याने तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या वारसांकडे राहतो. एखादं कार्ड चर्चेसाठी दाखवणं निराळं, आणि त्याचे टी-शर्ट किंवा कॅलेंडर काढणं निराळं. पाकिटाचा फोटो टाकताना नाव-पत्ता झाका. कार्डावर घरचा फोन असेल तर तोही.

वारसांना शोधताना संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण एकदा फोन लावलात की बहुतेक जण भरभरून बोलतात. आणि आता ती दुसरी प्रत. गेल्या वर्षी त्या डोंगराच्या चित्रकाराच्या मुलाचा पत्ता लागला. वडील जाऊन पंधरा वर्षं झालेली. घर बदलताना सगळे कागद गेले, घरात त्या प्रदर्शनाचं एकही कार्ड नाही म्हणाले. माझ्याकडे दोन होती, ड्रॉवरमधलं एक आणि पुढे एका फ्रेमवाल्याकडे मिळालेलं दुसरं. ते घेऊन ठाण्याला गेलो. त्यांनी चष्मा लावला, कार्ड हातात घेतलं, डोंगराकडे क्षणभर पाहिलं न पाहिलं आणि कार्ड उलटं केलं. मागे तळाशी, छापखान्याच्या नावाच्या वर, चित्रकाराचा पत्ता आणि सहा आकडी नंबर होता.

"काका, हा आमच्या गिरगावच्या घरचा नंबर," ते म्हणाले, आणि मग तो आकड्या-आकड्याने मोठ्याने वाचला.